‘कोणतीही फाइल निम्मी करतो’: बातमी छापण्याआधी

महोदय,

कोणतीही फाइल, अगदी आधीच झिप केलेलीसुद्धा, आणखी लहान करून दाखवतो असे म्हणणारा हौशी संशोधक दर काही वर्षांनी कुठे ना कुठे उगवतो आणि त्याची बातमीही होते. 1992 मध्ये ‘बाइट’ या अमेरिकी मासिकात 64 किलोबाइटपेक्षा मोठी फाइल सोळाव्या हिश्श्यावर आणणाऱ्या सॉफ्टवेअरची बातमी आली होती. जानेवारी 2002 मध्ये फ्लोरिडातल्या झिओसिंक कंपनीने रँडम डेटा (कसलाही क्रम नसलेली माहिती) शंभरपट लहान करण्याची घोषणा केली आणि वृत्तसंस्थांनी ती जगभर पोचवली. दोन्हीकडून चालते उत्पादन काही आले नाही. असा दावा आपल्या कार्यालयात आलाच, तर वार्ताहराला तो अर्ध्या दिवसात तपासता येईल, म्हणून हे पत्र.

आधी साधी मोजणी. बिट म्हणजे एक 0 किंवा 1. 3 बिटच्या फाइली 8 असतात. त्यांहून लहान फाइली किती? 2 बिटच्या 4, 1 बिटच्या 2 आणि एक रिकामी, एकूण 7. आठ छत्र्या सात खुंट्यांवर टांगायच्या तर एका खुंटीला दोन येणारच, आणि मग त्यातली कोणती कुणाची हे सांगता येणार नाही. फाइल कितीही मोठी घेतली तरी हा हिशेब सुटत नाही. ठरावीक आकाराच्या सगळ्या फाइलींपैकी फार तर 255 त एक फाइल एका बाइटने (8 बिटने) कमी होऊ शकते. दोन बाइटने कमी होणारी 65 हजारांत एक.

मग झिप चालते कशी? आपल्या नेहमीच्या फाइली रँडम नसतात म्हणून. मराठी मजकूरच बघा. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. त्यातला पहिला बाइट कायम 224 आणि दुसरा 164 किंवा 165. तीनातले जवळजवळ दोन बाइट फुकटचे, म्हणून आपला मजकूर झिपमध्ये झकास आवळला जातो. रँडम फाइलीत असे फुकटचे काही नसते. तिथे चांगली प्रणाली मुकाट्याने फाइल जशीच्या तशी ठेवते आणि वर आपल्या ओळखीच्या नोंदी (हेडर वगैरे) लावते. जीझिप या प्रोग्रॅमचा हा बोजा किमान 18 बाइटचा, शिवाय न आवळलेल्या प्रत्येक ब्लॉकमागे (तुकड्यामागे) 5 बाइट.

दावा करणारे बहुतेक वेळा लबाड नसतात. त्यांची चूक ठरलेल्या जागी होते. सर्वांत जास्त आढळणारी पद्धत अशी: प्रत्येक बाइट बायनरीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून लिहायचा, पण सुरुवातीची शून्ये गाळून. 5 म्हणजे 101, 2 म्हणजे 10. सरासरी काढली तर बाइटमागे 7 बिट आणि वर किंचित भरतात. 10,00,000 बाइटची फाइल सुमारे 8,76,000 वर येते. बारा टक्के बचत! आता उलगडायला बसा. 10110 हे 5 आणि 2 आहे, की 2 आणि 6, की एकटा 22? सीमारेषाच हरवल्या. त्या जपायच्या तर प्रत्येक बाइटची लांबी वेगळी लिहावी लागते आणि सर्वोत्तम सांकेतिकरण वापरूनही तिला बाइटमागे 1.984375 बिट लागतात. लांबी कळली की सुरुवातीचा 1 आपोआप कळतो, तो गाळून अंकांचे सरासरी 6.015625 बिट उरतात. बेरीज करून बघा: बरोबर 8. एक कणही सुटलेला नाही.

बाकीच्या युक्त्या याच वळणाच्या. फाइलीतले आकडे पायच्या (π, 3.14159…) दशांशांत शोधून फक्त स्थान लिहायचे म्हटले, तर सहा आकडी तुकड्यासाठी सरासरी दहा लाखांच्या आसपास जावे लागते, म्हणजे स्थान लिहायलाही सहा-सात आकडेच. (999999 हा तुकडा 762 व्या स्थानावर सापडतो, पण असले नशीब रोजचे नसते.) फाइलीऐवजी तिचा एमडी5 हॅश (फाइलीवरून काढलेला 128 बिटचा ठसा) ठेवायचा तर 100 बाइटच्या फाइलींपैकी सरासरी 2 चा 672 वा घात इतक्या फाइलींचा हॅश एकच निघतो. आणि ‘दर फेरीला एकच टक्का, पण फेऱ्या हव्या तितक्या’ हे खरे असते, तर 10 लाख बाइट सुमारे 1,375 फेऱ्यांत एका बाइटवर आले असते. एका बाइटच्या फाइली एकूण 256. जगातले सगळे चित्रपट त्यांतच बसवायचे!

माहिती फाइलीबाहेर लपवणे ही आणखी एक गंमत. 2001 मध्ये 5,000 डॉलरची एक पैज लागली होती: आवळलेली फाइल आणि उलगडणारा प्रोग्रॅम मिळून मूळ रँडम फाइलीपेक्षा लहान भरायला हवे. आव्हान घेणाऱ्याने 3,145,728 बाइटची फाइल मागून घेतली आणि ‘5’ हे अक्षर जिथे येते अशा निवडक जागी तोडून तिचे 218 तुकडे केले. उलगडणारा प्रोग्रॅम तुकड्यांच्या मध्ये ‘5’ परत घालत होता. बाइट खरोखर कमी भरले, पण तुकडे कुठे संपतात ही माहिती डिस्कच्या नोंदवहीत गेली होती. पैसे मिळाले नाहीत; वाद मात्र भरपूर झाला.

तेव्हा चाचणी अशी घ्यावी. दावेदाराने आवळणारा आणि उलगडणारा असे दोन्ही प्रोग्रॅम आधी द्यावेत, त्यांना नंतर हात लावू नये. मगच आपण प्रत्येकी 1,00,000 बाइटच्या दहा फाइली बनवाव्यात. त्या लिनक्सच्या यूरँडम या रँडम बाइट देणाऱ्या सोयीतून घ्याव्यात, प्रोग्रॅमिंग भाषांतल्या साध्या रँड फंक्शनमधून नकोत, कारण तिचे सगळे आकडे एका छोट्या बीजातून (सुरुवातीच्या आकड्यातून) निघतात. 0 आणि 1 ही अक्षरे टाइप केलेली फाइलही नको. तिच्यात अक्षरामागे एकच बिट माहिती असते, ती कोणीही आवळेल. प्रत्येक मूळ फाइलीचा एसएचए-256 हॅश कागदावर उतरवून घ्यावा. आवळलेल्या फाइलीला नाव आपण द्यावे, तारीख-वेळ पुसावी, आणि आकार नेमक्या बाइटमध्ये मोजावा. विंडोजचा ‘साइझ ऑन डिस्क’ बघू नये, तो बहुधा 4,096 च्या पटीत असतो. उलगडणे दुसऱ्या, इंटरनेट तोडलेल्या संगणकावर करावे. दहाही हॅश जुळले आणि एकूण बचत 16 बाइट भरली, तर पहिल्या पानावर छापा. फाइली नंतर बनवल्यामुळे इथे प्रोग्रॅमचा आकार धरायची गरज नाही.

फाइल आधीच माहीत असेल तर मात्र तो धरावाच लागतो. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेने 1955 मध्ये दहा लाख रँडम अंकांचे पुस्तक काढले होते. ते अंक बायनरीत 415,241 बाइट भरतात. डेटा आवळण्यावर लिहिणारे मार्क नेल्सन यांनी 2002 मध्ये ही फाइल समोर ठेवली आणि प्रोग्रॅमसकट तिच्याहून लहान काही दाखवणाऱ्याला 100 डॉलर देऊ केले. ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले.

ज्यांना आवळण्याचीच हौस आहे, त्यांच्यासाठी 2006 पासून हटर पारितोषिक आहे. तिथे विकिपीडियाच्या मजकुराचे 1,00,00,00,000 बाइट आवळायचे असतात, उलगडणाऱ्या प्रोग्रॅमचा आकारही त्यातच धरतात, आणि विक्रम एक टक्क्याने मोडला की 5,000 युरो मिळतात. 2024 मध्ये हा आकडा सुमारे 11 कोटी बाइटवर आला होता. मजकूर माणसांनी लिहिलेला आहे, तेव्हा तिथे अजून वाव आहे.

आपले नम्र,
संगणकशास्त्राचे दोन शिक्षक, पुणे