ज्येष्ठमध आणि बाबांचं प्रेशर

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलताना विषय भलतीकडेच जातो, म्हणून हे लिहूनच पाठवते आहे.

आई, परवा तू म्हणालीस की डॉक्टरांनी गोळी वाढवली तरी बाबांचं प्रेशर उतरत नाही, संध्याकाळी पावलं सुजतात आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मग बोलता बोलता असंही सांगितलंस, की भजनासाठी गळा मोकळा राहावा म्हणून बाबा दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळतात आणि झोपताना त्याचाच काढा घेतात. मला तेव्हापासून चैन नाही, कारण या दोन्हींचा संबंध असू शकतो.

बाबा, ज्येष्ठमधाने घशाला आराम पडतो हे खरंच आहे. पण त्याची गोडी ज्या ग्लायसिऱ्हायझिनमुळे येते, ते मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. कॉर्टिसॉल हे हार्मोन तिथे निष्क्रिय करणं हे त्या एन्झाइमचं काम. ते थांबलं की कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं, आणि पोटॅशियम लघवीतून निघून जातं. प्रेशर चढतं, सूज येते, पायात गोळे येतात. पोटॅशियम फारच उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

तुमच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइडही आहे, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध. तेही पोटॅशियम घालवतं. गोळी प्रेशर उतरवू पाहते, ज्येष्ठमध चढवतं. पोटॅशियम मात्र दोघंही घालवतात. मला जास्त भीती त्याचीच वाटते.

इथे नेदरलँड्समध्ये ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या लोक येता-जाता खातात, 'ड्रॉप' म्हणतात त्यांना. 1946 च्या सुमारास रेव्हर्स नावाचे इथलेच डॉक्टर अल्सरच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा अर्क देत होते. अल्सरला गुण आला, पण साधारण पाचांतल्या एकाच्या अंगावर सूज आली. आता युरोपात ग्लायसिऱ्हायझिन दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं सांगतात. काडी चघळून किंवा काढा उकळून किती पोटात गेलं, हे घरी कसं मोजणार? आणि ज्याला आधीच प्रेशर आहे त्याने त्या मर्यादेच्या भरवशावर राहूच नये.

म्हणून बाबा, काडी आणि काढा आजपासून बंद करा. प्रेशरची गोळी मात्र मनाने कमी करू नका, बंद तर मुळीच नको. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, ज्येष्ठमध किती दिवस आणि किती घेत होता ते स्पष्ट सांगा आणि रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. ज्येष्ठमध थांबवल्यावरही त्याचा परिणाम ओसरायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, तेव्हा प्रेशर रोज लिहून ठेवा. ते उतरू लागलं तर गोळीही डॉक्टरांना बदलावी लागेल. छातीत धडधडलं किंवा हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटली तर रात्र असली तरी दवाखान्यात जा, सकाळची वाट बघू नका. गळ्यासाठी कोमट पाणी घोट घोट पीत राहा. आणि खोकल्याच्या बाटलीवर यष्टीमधु किंवा मुलेठी लिहिलेलं दिसलं तर तेही ज्येष्ठमधच.

आई, तुझंही थोडं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेव, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. शेजारच्या काकूंनी दिलेलं अश्वगंधा चूर्ण सुरू केलं असशील तर तेही डॉक्टरांना सांग, त्याने थायरॉइडचं प्रमाण वाढू शकतं.

डॉक्टर रागावतील म्हणून तुम्ही दोघंही या गोष्टी सांगत नाही, हे मला माहीत आहे. ते रागावले तर रागावू देत. जाताना घरातली सगळी चूर्णं, काढे आणि बाटल्या एका पिशवीत घालून सोबत न्या. पोटॅशियमचा रिपोर्ट आला की मला लगेच फोटो पाठवा.

तुमची,
सोनू