निरोगी मुलांच्या डोक्याला वीजप्रवाह कशासाठी?

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनींनी मला मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. कपाळावर बांधायच्या पट्ट्यातून डोक्याला सौम्य वीजप्रवाह द्या आणि एकाग्रता वाढवा, असा तिचा आशय होता. मुलगी बारावीत, 'नीट'ची तयारी चालू, "सर, घ्यावा का?" डोळे बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणारे मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे वर्ग आले तेव्हाही पालकांनी मला असेच विचारले होते आणि तिथली मुले डोळ्यांवरच्या पट्टीखाली, नाकाजवळच्या फटीतून वाचत होती. या वेळी मात्र गोष्ट निव्वळ थापेबाजीची नाही, म्हणूनच ती अधिक काळजीची आहे.

एक-दोन मिलिॲम्पिअर प्रवाह देण्याच्या या तंत्राला टीडीसीएस म्हणतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी प्रौढांना नवी अंकचिन्हे शिकवताना असा प्रवाह दिला. ज्यांना तो मेंदूच्या मागच्या बाजूला मिळाला, त्यांनी चिन्हे लवकर आत्मसात केली, पण विचार न करता सहज वापरण्यात ते मागे पडले; कपाळामागच्या भागाला दिल्यावर नेमके उलटे घडले. पाढे तोंडपाठ असणे म्हणजे ही सहजताच नव्हे का? एका खिशातले दुसऱ्या खिशात जाणार असेल, तर कोणता खिसा रिकामा होतो आहे हे जाहिरात सांगत नाही.

पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवतात, तेव्हा हाताचा कंप थांबावा म्हणून तो स्वतः जोखीम पत्करतो. निरोगी सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत जोखीम तिची, निर्णय आईवडिलांचा आणि फायदा झालाच तर तो रँकचा. चीनमधील जिन्हुआच्या एका प्राथमिक शाळेत २०१९ मध्ये मुलांच्या कपाळावर मेंदूलहरी मोजणारे पट्टे बांधले होते. लक्ष असले की लाल दिवा, विचलित झाले की निळा. ते पट्टे तर फक्त मोजत होते, तरीही ओरड झाल्यावर काढावे लागले.

मी वहिनींना "घेऊ नका" म्हणालो. त्यांनी विचारले, "आणि क्लासमधल्या बाकीच्यांनी घेतला तर?" याचे उत्तर एकट्यादुकट्या आईला देता येणार नाही, ते शासनाने द्यावे. जाहिरातीत आजारावर उपचाराचा दावा असो वा नुसती एकाग्रतेची भाषा असो, मेंदूला प्रवाह देणारे उपकरण अठरा वर्षांखालील मुलांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नये, असा स्पष्ट नियम अकरावीचे पुढचे प्रवेश सुरू होण्याआधी व्हावा.

– एक निवृत्त गणित शिक्षक, लातूर