तिसरा बिंदू रेषेवर का आला नाही

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, आलेख काही जमंना, तिसरा बिंदू रेषेवर येतच नाही." तुझ्या मागं हॉस्टेलची पोरं फोनसाठी उभी होती, त्यामुळं नीट बोलणं झालं नाही. म्हणून सावकाश लिहितेय. तुमच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं आहेत, मी क्ष आणि य लिहीन.

तुझं समीकरण होतं य = २क्ष − ३. क्ष ० घेतलास, य −३ आला. क्ष २ घेतलास, य १ आला. दोन्ही बरोबर. मग क्ष −१ घेतलास आणि य पण −१ लिहिलास. गडबड इथं आहे. −१ ची दुप्पट −२, त्यातून आणखी ३ गेले की −५. तू वजाचं चिन्ह सोडून नुसतं २ − ३ केलंस. आता (−१, −५) मांडून बघ, तिन्ही बिंदू पट्टीला लागतील. मांडताना आधी आडवं मोजायचं, मग उभं. (२, १) आणि (१, २) या दोन वेगळ्या जागा आहेत.

रेघ काढायला दोन बिंदू पुरतात हे खरं आहे. पण कुठल्याही दोन बिंदूंतून रेघ जातेच, एखादा बिंदू चुकलेला असला तरी जाते. चूक कळते ती तिसऱ्यामुळं. म्हणून त्या बिंदूवर चिडू नकोस आणि वहीचं पानही फाडू नकोस. त्याच पानावर दुरुस्ती कर.

आता ही रेघ सरळच का येते ते समजून घे, कारण सगळं प्रकरण एवढ्यावर उभं आहे. क्ष एकानं वाढला की य दोननं वाढतो. −५ चे −३ होतात, −३ चे −१, −१ चा १. कुठूनही सुरू कर, पाऊल तेवढंच. क्षला जोडलेला तो २ म्हणजे रेषेचा चढ. आणि शेवटचा −३ सांगतो, रेघ उभ्या अक्षाला कुठं छेदणार.

पाऊल सारखं नसलं तर काय होतं, ते मी अंगणवाडीत रोज बघते. वाढीच्या तक्त्यावर आडवं लेकराचं वय महिन्यांत, उभं वजन किलोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलाचं मधलं वजन जन्मतः ३.३ किलो, सहाव्या महिन्यात ७.९ आणि वर्षाला ९.६ आहे. पहिल्या सहा महिन्यांत ४.६ किलो वाढ, पुढच्या सहा महिन्यांत फक्त १.७. म्हणून ती रेघ वाकते, आणि निरोगी लेकराची ती वाकायलाच पाहिजे. पण एखाद्या लेकराचे दोन-तीन महिन्यांचे बिंदू एकाच उंचीवर आले की माझ्या पोटात गोळा येतो. तुझ्या पुस्तकात य = ८ ही आडवी रेघ सगळ्यात सोपी असते, चढ शून्य. माझ्या तक्त्यावर तिचा अर्थ लेकरू वाढलं नाही असा होतो. मी त्याच दिवशी त्याच्या घरी जाते. आता वजन मोबाइलवर भरतो, तरी बिंदूवरून बिंदूकडं नजर फिरवायची माझी सवय गेली नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

सरळ रेघ हवी असेल तर २०१६ चा उन्हाळा घे. तू लहान होतास. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे रेल्वे-डबे, पाच लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. क्ष म्हणजे वाघिणी आणि य म्हणजे लाख लिटर धरलं तर य = ०.५क्ष. वाघीण नाही तर पाणी नाही, म्हणून ही रेघ आरंभबिंदूतून जाते. आडव्या अक्षाचं प्रमाण तेच ठेवून फक्त उभ्या अक्षाचं बदलून काढून बघ. १ सेंमी म्हणजे ५ लाख लिटर धरलंस तर रेघ उभट दिसेल, १ सेंमी म्हणजे १० लाख धरलंस तर निजलेली. पाणी तेवढंच असतं. म्हणून कोपऱ्यात प्रमाण लिहायला विसरायचं नाही. प्रमाण न लिहिलेला आलेख बघून कुणी काही ठरवू नये, मग तो पेपरात छापलेला का असेना.

उलट्या चढाची रेघ आपल्या घरीच आहे. टाकी दोन हजार लिटरची, रोज दीडशे लिटर लागतं असं धर. य = २००० − १५०क्ष. चौथ्या दिवसाअखेर १४००, दहाव्या दिवसाअखेर ५००. रेघ आडव्या अक्षाला तेरा आणि चौदाच्या मध्ये छेदते, म्हणजे चौदाव्या दिवशी टाकी कोरडी. टँकर त्याच्या आधी सांगायला हवा. समीकरणात क्ष १४ घातलास तर य −१०० येईल आणि रेघ चौथ्या चरणात उतरेल. समीकरणाला ते चालतं, पण टाकीत वजा शंभर लिटर नसतात. म्हणून नुसत्या समीकरणाची रेघ दोन्ही टोकांना बाण दाखवून काढायची, आणि टाकीची रेघ अक्षापाशी थांबवायची. परीक्षेत हे विचारतील की नाही याची काळजी करू नकोस, समजलेलं असू दे.

फ्रान्सच्या रेने देकार्तनं १६३७ मध्ये समीकरणं आणि आकृत्या एकमेकांशी जोडून दाखवल्या. त्यामुळंच आज तू एका कागदावर दोन समीकरणं सोडवू शकतोस. ते करूनच बघ. य = २क्ष − ३ च्याच कागदावर य = −क्ष + ३ काढ. प्रत्येकी तीन बिंदू, त्यातला एक तरी ऋण क्षचा. दोन्ही रेघा एका ठिकाणी भेटतील, त्या जागेचे निर्देशक दोन्ही समीकरणांत घालून ताळा कर आणि रविवारी मला फोनवर सांग. मीही इकडं काढून ठेवते.

तुझे बाबा सोयाबीनच्या फवारणीत आहेत, त्यांनी विचारलंय. जेवण वेळेवर कर.

तुझी,
आई