सेटवरच्या घोड्याची किंमत 50 रुपये? केंद्रीय पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय मत्स्यपालन, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्री,
नवी दिल्ली

विषय: चित्रीकरणातल्या घोड्यांचे हाल आणि रखडलेली कायदा दुरुस्ती

महोदय,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर 2022 मध्ये आपल्या मंत्रालयाने प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा जाहीर करून लोकांच्या सूचना मागवल्या. दंड हजारांत जाईल, गंभीर क्रूरतेला कैद होईल, असं त्यात होतं. घोड्यांसोबत काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना वाटलं, आता तरी काही हलेल. मसुदा अजून मसुदाच आहे. 1960 च्या कायद्याचं कलम 11 आजही पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड सांगतं. 10 रुपयांत घोड्याचा एक वेळचा तोबरासुद्धा भरत नाही. दंड वाढवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 च्या निकालातच संसदेला सुचवलं होतं.

2021 मध्ये हैदराबादजवळ एका ऐतिहासिक चित्रपटाच्या लढाईच्या चित्रीकरणात घोडा मेला. तासन्‌तास राबवल्याने त्याच्या अंगातलं पाणी आटलं, अशी तक्रार झाली आणि गुन्हा दाखल झाला. घोड्यावर ही वेळ कशी येते, ते आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा नीट समजून घ्यावं.

लढाईच्या एका शॉटसाठी 200 मीटर दौड धरा, तेवढंच अंतर परत. बारा टेक झाले की जवळपास पाच किलोमीटर. घोड्याला एवढं अंतर जड नाही. जड जातं ते भरधाव सुटणं, कॅमेऱ्यापाशी लगाम खेचून थांबणं, मग उन्हात उभं राहणं आणि पुन्हा सुटणं. प्रत्येक खेचीला मागच्या पायांच्या सांध्यांवर सगळा भार येतो. मध्ये खोगीर उतरवत नाहीत, पोटाखालचा तंगही सैल करत नाहीत, कारण ‘पाच मिनिटांत शॉट आहे’. त्या पाच मिनिटांचा तास होतो. तोंडातलं कडियाळ काढायला सवड नाही म्हणून पाणी राहून जातं. नुसत्या उभ्या घोड्याला दिवसाला 25 ते 30 लिटर पाणी लागतं, उन्हातल्या कामात त्याच्या दुप्पट.

त्यात वजन. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं नको, असं धरतात. 350 किलोच्या घोड्याला ते 70 किलो होतं. 80 किलोचा नट, खोगीर, चिलखत आणि ढाल-तलवार मिळून शंभरी गाठते. वर धुराची मशीन. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. धूळ आणि धूर थेट फुफ्फुसात जातात.

घोडा थकला हे ओळखायला उपकरणं लागत नाहीत. जबड्याखालच्या धमनीवर बोटं ठेवा. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. दौडीनंतर अर्ध्या तासात ती साठीच्या खाली आली नाही, तर त्या दिवशी त्याचं काम संपलं. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा, रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तशीच उभी राहिली, तर अंगात पाणी नाही. हे कोणत्याही जुन्या मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, कळतं. पण ‘शॉट थांबवा’ म्हणायचा अधिकार त्याला नाही, आणि सेटवर दुसऱ्या कोणालाही नाही.

दृश्यात घोडा पाडायचा असेल तर त्याला कित्येक आठवडे शिकवावं लागतं. खड्डा खणून त्यात वाळू आणि भुसा खोल भरावा लागतो. हे टाळण्यासाठी पूर्वी पुढच्या पायांना तार बांधून घोड्याला तोंडावर पाडत. पायाची नळी तिथेच मोडायची. गुडघ्याखाली मांस नाही, हाडाला रक्तपुरवठा कमी, आणि तीन पायांवर उभ्या घोड्याचा चांगला खूरही ओझ्याने निकामी होतो. बहुतेक वेळा त्याला मारावंच लागतं. याच कायद्याखाली खेळ-चित्रपटांतल्या प्राण्यांसाठी केलेल्या 2001 च्या नियमांनी अशा तारा आणि खड्ड्यांचे सापळे बंद केले. पायांना संरक्षक बूट न घालता उतारावरून घसरवणं, न घसरणाऱ्या चटईविना गुळगुळीत फरशीवर वापरणं, आगीजवळ नेणं, सगळ्याला मनाई आहे.

नियम चांगले आहेत. पण त्यातली जवळपास प्रत्येक जबाबदारी ‘मालका’वर आहे. हा मालक म्हणजे दोन-तीन घोडे रोजाने देणारा माणूस. दिग्दर्शकाला नाही म्हणाला तर उद्या दुसऱ्याचे घोडे येतात. ज्याच्या पैशावर आणि हुकमावर घोडा पळतो, त्या निर्मात्याचं नाव नियमांत आधी यायला हवं होतं. आणि तपासणी कशाची होते? कागदांची. डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला चित्रीकरणाआधीचा असतो. बाराव्या टेकला घोड्याची नाडी किती होती, हे हरियाणात बल्लभगडला बसून, चित्रपटांना नाहरकत देणाऱ्या केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाला कसं कळणार?

कायदा बदलणं अवघड असतं, असं आता सांगू नका. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये याच केंद्रीय कायद्यात दुरुस्ती केली. शर्यतीत बैलाला इजा केली तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद, असं त्यात लिहिलं. म्हणजे आकडा लिहिता येतो. त्याच राज्यात, त्याच कायद्याखाली, सेटवर घोड्याचे हाल केले तर 50 रुपये. शर्यतीच्या मागे गावंच्या गावं उभी राहिली. घोड्यामागे एकटा मोतद्दार असतो, म्हणून तुम्ही लोक हलत नाही. आम्हाला तर याचाच संताप आहे. संघटित असेल त्याचं दुखणं या देशात फाइलवर चढतं, बाकीच्यांनी मसुदे वाचत बसायचं.

ब्रिटनने 1937 सालीच कायदा केला, की प्राण्याला क्रूरतेने वागवून घेतलेलं दृश्य लोकांना दाखवताच येणार नाही. निर्मात्याला झोंबतं ते हेच. दंड तो खर्चात धरतो, कापलेलं दृश्य धरता येत नाही.

तेव्हा सेटवर मंडळाने नेमलेला पशुवैद्य असू द्या. त्याचं मानधन मंडळातून जाऊ द्या, पैसे निर्मात्याकडून आधीच भरून घ्या. नाडी आणि पाण्याची नोंदवही प्रत्येक घोड्यामागे ठेवायला लावा, आणि ती सोबत नसेल तर नाहरकत प्रमाणपत्र देऊ नका. यातलं बरंचसं नियम बदलून होतं, संसदेची वाट बघावी लागत नाही. दंडाचं विधेयक मात्र संसदेतच आणावं लागेल. ते कोणत्या अधिवेशनात येणार, एवढं लेखी कळवा.

कळावे,
घोड्यांसोबत काम करणारे काही नागरिक