घरचं वार्तापत्र घरच्यांनीच मांडावं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणातल्या आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. गाद्या, धान्य, कपाटं यांचं दुःख महिन्याभरात ओसरलं. पलंगाखालच्या ट्रंकेतले अल्बम मात्र अजून मनातून जात नाहीत. चिकट पानांवर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले ते अल्बम. पापुद्रा उचलला की माणसाचा चेहराही त्याच्याबरोबर निघून यायचा. वडिलांची शाईतली पत्रं निळ्या डागांपुरती उरली. आजोबांनी काही फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीनं नावं लिहिली होती, ती तेवढी चिखल धुतल्यावर जशीच्या तशी वाचता आली. त्या नावांपायी हे पत्र लिहिते आहे.

आम्ही सहा भावंडं. चिपळूण, डोंबिवली, पुणे, बडोदा आणि एक भाऊ न्यू जर्सीला. वडील होते तोवर दर दिवाळीला फुलस्केप कागदांत कार्बन घालून घरचं वार्तापत्र काढायचे. कुणाकडे बाळ झालं, कुणाची बदली झाली, कलमांना मोहर कसा आहे, सगळं त्यात असे. आता व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. पण भाचीच्या साखरपुड्याची बातमी तिथे दोन दिवसांत सुप्रभातांच्या ढिगाखाली जाते, आणि फोन बदलला की फोटोही जातात. म्हणून २०२२ च्या पाडव्यापासून आम्ही घरचं संकेतस्थळ चालवतो. दर तीन महिन्यांनी एक अंक, एका अंकाचं एकच पान, त्यात मजकूर आणि जास्तीत जास्त बारा फोटो.

एका ठिकाणी चौकशी केली तर पस्तीस हजार सांगितले. मग पुतणीच्या मुलीनं मला बसवून शिकवलं. नोटपॅडमध्ये लिहायचं, मथळ्याची खूण, परिच्छेदाची खूण, चित्राची खूण. पान लिहायच्या या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. तिचं एवढंच ज्ञान माझ्या गाठीशी आहे आणि ते पुरतं. पहिल्या अंकाचा मजकूर मी बाजारात टाइप करून घेतला होता. तो जुन्या फॉन्टात निघाला. पुण्यात भावाच्या फोनवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. तेव्हापासून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना सारखंच कळणाऱ्या अक्षरांत. फाइल यूटीएफ-८ म्हणून साठवायची आणि पानाच्या माथ्यावर तशी एक ओळ लिहायची, की मग मराठी कुठेही मराठीच दिसते.

फोटोंनी मला जास्त रडवलं. फोनमधला एकेक फोटो चार-पाच एमबीचा. बारा टाकले की गावाकडच्या घरी पान उघडतच नसे. आता प्रत्येक फोटो १२०० पिक्सेल रुंदीवर आणते, दोनशे केबीच्या आत बसवते. मूळ फोटो वेगळा जपून ठेवते. एकदा आईच्या पंचाहत्तरीचा फोटो माझ्या संगणकावर छान दिसे आणि संकेतस्थळावर नुसती रिकामी चौकट. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. फाइलच्या नावात मोठी इंग्रजी अक्षरं होती आणि पानात मी लहान लिहिली होती. माझ्या संगणकावरच्या विंडोजला ते चालतं, संकेतस्थळ ज्यावर ठेवलेलं असतं त्या बहुतेक सर्व्हरना चालत नाही. आता सगळी नावं लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

प्रत्येक चित्राच्या खुणेत त्याचं वर्णन लिहायला जागा असते. मी ती आधी रिकामी सोडायचे. थोरल्या भावाची नजर गेली आहे, त्याचा फोन त्याला पान वाचून दाखवतो. तिथे काहीच नसल्यानं त्याला फोटोचा पत्ताच लागत नसे. आता त्याला ऐकू येतं, ‘आई झोपाळ्यावर बसली आहे, हिरवं लुगडं, मांडीवर धाकटी पणती’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते फोटोखालच्या नावांचं. आमच्या घराण्याच्या जुन्या कुलवृत्तांतात पणजोबांच्या मुलग्यांची नावं, शिक्षण, हुद्दे, सगळं आहे. मुलींबद्दल फक्त ‘कन्या ३’. त्या तिघींपैकी दोघी गेल्या. तिसरी माझ्या वडिलांची आत्या, आम्ही तिला आत्याआजी म्हणतो, ती आज ९१ वर्षांची आहे. आमच्या संकेतस्थळावर एकाही बाईचं नाव नुसतं ‘सौ.’ लावून येत नाही. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि लोक हाक मारायचे ते नाव, तिन्ही येतात. आत्याआजीपुढे फोटो मोठा करून धरला की ती नथीवरून, खोप्यावरून, उभं राहण्याच्या ढबीवरून माणूस ओळखते. ‘ही नाही गं, हिची जाऊ,’ म्हणते, आणि मी मागची ओळ, डावीकडून तिसरी, असं लिहून घेते.

काळजीही घ्यावी लागते. शोधयंत्रांनी पान यादीत घेऊ नये अशी ओळ लिहिता येते, पण ती नुसती विनंती आहे, कुलूप नव्हे. म्हणून आम्ही पासवर्ड ठेवला आहे. मुलांच्या पूर्ण जन्मतारखा, घराचे पत्ते आम्ही देत नाही. फोटोत दडलेली जागेची माहिती काढून टाकतो. सगळे गावी सत्यनारायणाला जमलो, ही बातमी घरोघरी परतल्यावरच टाकतो. आणि कोणत्याही फुकट सेवेच्या भरवशावर राहत नाही. जिओसिटीज २००९ मध्ये मिटलं, ऑर्कुट २०१४ मध्ये. आमचे आजवरचे सगळे अंक मिळून तीसेक एमबीसुद्धा होत नाहीत. त्याची प्रत पाच घरांत पेनड्राइव्हवर आहे, आणि तीच पानं छापून न्यू जर्सीच्या भावाकडेही ठेवली आहेत. तिथे आमच्या वाशिष्ठी नदीचं पाणी पोचणार नाही.

आपल्याला विनंती अशी, की आपल्या पुरवणीत हे काम टप्प्याटप्प्यानं शिकवणारं सदर सुरू करावं. गावोगावच्या वाचनालयांनीही दोन-चार रविवार आमच्या वयाच्या लोकांना संगणकापुढे बसवावं. आमच्या इथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. पुस्तकं पुरात जाणं म्हणजे काय, ते त्यानं सोसलं आहे. अशा संस्थांनी मनावर घेतलं तर कितीतरी घरांतले फोटो नावांसकट वाचतील. शिकायला मला सहा दुपारी लागल्या, आणि मी शिकले तेव्हा ६८ वर्षांची होते.

नावं लागायची राहिलेले आमचे ४१ फोटो अजून आहेत. आत्याआजीला आता दिवसातून तासभरच बसवतं, तेही सकाळचं ऊन ओटीवर असेतो. उद्या सातला मी तिच्याकडे जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)