लोणीपर्यंत आलो होतो

नाशिक,
२६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिन्या,

तुझ्या चिमीच्या लग्नाला मी सोलापूरच्या वाटेवर लोणीपर्यंत आलो होतो. तापाबिपाचं काही नव्हतं. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर माझी सवय तुला ठाऊक आहे, चार पानं इकडचं-तिकडचं भरीन आणि सांगायचं ते राहून जाईल.

तब्येतीचं थोडक्यात. ४ तारखेला माझं प्रोस्टेटचं, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं, ऑपरेशन झालं. आज बावीस दिवस झाले. जेवण जातं, झोप लागते, काळजीचं काही नाही.

आता लग्नाचं. २०२३ चा डिसेंबर. हिने चिमीसाठी येवल्याहून मोरपंखी पैठणी आणली होती. रात्रीची सोलापूर एसटी धरली. घरून निघताना जाऊन आलो, स्टँडवर पुन्हा जाऊन आलो, दुपारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. तरी सिन्नर येईपर्यंत ओटीपोट दगड झालं. उतरलो, मुतारीत उभा राहिलो, तर धार सुरूच होईना. मागे माणसं खोळंबलेली, बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारतोय. चार थेंब आले. गाडी हलली की पुन्हा तीच कळ. नांदूरशिंगोट्याच्या पुढे कंडक्टरला सांगून अंधारात गाडी थांबवली. थोड्या वेळाने परत थांबवली. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, घरूनच आटपून यायचं ना!" चारदोन जण हसले. पुढे अजून रात्रभराचा रस्ता होता. लोणी आलं तशी हिला म्हणालो, पिशवी घे, उतरू. ती एक अक्षर बोलली नाही. पहाटेपर्यंत आम्ही स्टँडच्या बाकावर बसून होतो, थंडीत, पैठणीची पिशवी तिच्या मांडीवर. तिथूनच सकाळी तुला फोन केला, की ताप आहे, एकशे दोन.

तू म्हणालास, "ठीक आहे. पोरीचं लग्न होतं रे."

माझ्या पोराच्या लग्नात तू चार दिवस आधी येऊन आचाऱ्याच्या उरावर बसला होतास. जिलबीच्या पाकावरून त्याच्याशी असा भांडलास की तो परातीसकट निघून चालला होता, वहिनींनी त्याला चहा पाजून परत आणला. आणि मी तुझ्या पोरीच्या अक्षतांना नाही. त्यानंतर तुझा फोन नाही, माझाही नाही. दोन वर्षं होत आली. मायक्रोमीटरच्या भांडणात आपण अकराव्या दिवशी बोललो होतो. (तो तूच पाडला होतास. वीस मायक्रॉनचा फरक आधीपासून होता हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.)

खरं का सांगितलं नाही, हे दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. अण्णांमुळे.

१९८८ सालचं आपल्या कारखान्यातलं टूलरूम आठव. अण्णा मिलिंग मशीनवर होते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. शिफ्टमध्ये आठ-दहा वेळा जायचे आणि तो फोरमन दाराशी घड्याळ बघत उभा राहायचा. अण्णांना "गळकी तोटी" हे नाव मी ठेवलं. अख्ख्या शॉपमध्ये मीच पसरवलं. त्यांना मेमो मिळाला तेव्हा तू साहेबाच्या केबिनमध्ये शिरलास, "म्हाताऱ्या माणसाची लघवी मोजता का?" म्हणून ओरडलास, आणि त्यापायी तुझं त्या वर्षीचं इन्क्रिमेंट गेलं. मी तेव्हा बेंचपाशी उभा राहून पोरांबरोबर हसत होतो. तू बाहेर आलास आणि मला एवढंच म्हणालास, "बाळ्या, तुझ्यावर अशी वेळ आली तर मी हसणार नाही."

तू हे विसरला असशील. मला लोणीच्या बाकावर ते तुझ्या आवाजात ऐकू आलं. तू हसला नसतासच, ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच तुझ्यापाशी तोंड उघडेना. अण्णा तर कधीच गेले. त्यांच्याशी जे बोलायला हवं होतं ते तुझ्याशी बोलतोय.

लोणीहून परतल्यावर हिने मला ओढत आपल्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. झोपताना घ्यायची गोळी मिळाली, टॅमसुलोसिन. ती प्रोस्टेटचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते, गाठ काही लहान करत नाही. आठवड्यात फरक पडला. पण अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून चार महिन्यांनी मीच बंद केली. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी दुसरी दिली असती. मी गोखरूचा काढा पीत बसलो. रात्री चार-पाच वेळा उठायचो आणि म्हणायचो, वय झालं. ब्रह्मगिरीची फेरी सोडली, वणीला जाणं सोडलं, नाटक सोडलं. पंचवटीतल्या भाचीच्या घरी जायचं तरी आधी मनात हिशेब, वाटेत सोय कुठे कुठे आहे. दिन्या, माणूस घरात कसा कोंडला जातो ते कुणाला दिसत नाही. लोकांना वाटलं मी शिष्ट झालोय.

यंदा दिवाळीत सर्दी झाली. भाऊबीजेला सकाळी दुकानातून सर्दीची गोळी आणली, दुपारी दुसरी घेतली. अशा गोळ्यांतली काही औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात, काही त्याची पिळण्याची ताकद कमी करतात. वाट आधीच चिंचोळी असेल तर लघवी सपशेल बंद पडू शकते. माझी पडली. संध्याकाळी ताई ओवाळायला उभी आणि मला पाटावर बसता येईना. रात्री अकराला गंगापूर रोडवरच्या हॉस्पिटलात नळी घातली. पिशवीत नऊशे मिली उतरली. एरवी चारशे-पाचशेला माणूस धावत सुटतो. त्या सिस्टरच्या, नातीएवढ्या पोरीच्या, हातावर हात ठेवून मी रडलो.

चार दिवसांनी नळी काढून पाहिली, परत बंद. परत नळी. सोनोग्राफीत प्रोस्टेट ६८ ग्रॅम. तरुणपणी अक्रोडाएवढी असते, वीसेक ग्रॅम. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो, त्यामुळे ती आतल्या बाजूला फुगली की वाट दाबली जाते. ऑपरेशन ठरलं.

आता हे नीट वाच, कारण आपल्या टूलरूममधला माणूसच याची मजा घेऊ शकतो. पोटावर कट नाही, टाका नाही. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण आत नेतात, तिच्या टोकाला तारेचा बारीक लूप, त्यातून वीज. बोअरिंग बारच म्हण ना! आतून भरत आलेला बोअर मोकळा करायचा आणि बाहेरच्या कवचाला धक्का लावायचा नाही. जास्त खोल गेलं की जॉब बाद, आपल्यासारखंच. आणि कापताना मशीनवर सोडतो त्या कुलंटच्या जागी सलाइन, सतत वाहतं, नाहीतर रक्तात काही दिसणार नाही. कापून निघालेल्या तुकड्यांना ते काय म्हणतात माहितीये? चिप्स! पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर केलं होतं, वर मी टक्क जागा. मान वळवली की स्क्रीन दिसायचा. मी विचारलंसुद्धा, "डॉक्टर, फिनिश कसं येतंय?" ते म्हणाले, "कुठे होतात नोकरीला?" तासभर चाललं. लेझरनेही करतात, गाठ फारच मोठी असेल तर ते बरं, माझ्या मापाला हे चालेल म्हणाले. शेवटी शेवटी त्यांनी बोलणं थांबवलं, हात अगदी सावकाश फिरायला लागला, आणि मला अण्णा दिसले. शेवटचा कट घेताना ते असेच श्वास धरून उभे राहायचे, आठवतं? मशीन थांबेपर्यंत बोलायचे नाहीत.

बाहेर आणल्यावर हुडहुडी भरली, सुईमुळे भरते तशी. दात वाजत होते. हिला म्हणालो, दिन्या रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीतून, त्या रंगाच्या हौदातून, निघाला होता ना, तसं झालंय. ती त्या अवस्थेतही हसली. तुझा तो एक चप्पल हातात धरलेला पिवळाधमक अवतार तिने अजून मनात जपून ठेवलाय.

मग दोन दिवस नळीतून सलाइन आत, लालसर पाणी बाहेर. पहिल्या रात्री तुझ्या जावयाच्या डाळिंबाच्या रसाचा रंग, सकाळी गुलाबी, दुसऱ्या दिवशी जवळपास पाणी. (तेल्या रोग आटोक्यात आला का बागेतला? भाव काय मिळाला?) तिसऱ्या दिवशी नळी काढली आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. दोन तासांनी संडासात गेलो. मिरची लागल्यासारखी आग झाली, आणि धार आली. आवाज करत आली. ही दाराबाहेर उभी होती. तिने विचारलं, "झाली?" मी म्हणालो, "ऐक." दोघंही काही बोललो नाही मग.

चिप्स तपासणीला गेल्या होत्या. कॅन्सरच्या शंकेसाठी रक्तातली पीएसए तपासतात, पण नळी असताना ती वाढलेलीच येते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवला नव्हता, सगळं त्या तुकड्यांवर. सहा दिवस रिपोर्टची वाट पाहिली. दिवसा मी ठीक असायचो, रात्री तुझा नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. रिपोर्टमध्ये साधी वाढ निघाली. साध्या वाढीचा पुढे कॅन्सर होत नाही, पण दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून बघावं लागतं.

बाराव्या दिवशी मात्र घाबरलो. पोट साफ होत नव्हतं, जोर दिला गेला, आणि लघवीत लाल गाठी. रिक्षाने गेलो. डॉक्टर म्हणाले, आतल्या जखमेची खपली सुटते तेव्हा असं होतं, पाणी वाढवा, जोर करू नका, आणि गाठीने लघवी अडली तर रात्र असो की पहाट, लगेच या. अडली नाही. संध्याकाळपर्यंत साफ झालं. सहा आठवडे स्कूटर नाही, वजन उचलणं नाही. घाई अजून होते. कधी दारापर्यंत पोचेतो दोन थेंब सांडतात, म्हणून पॅड वापरतो. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम दिलाय, तो दिवसातून तीनदा करतो, चुकवत नाही.

आणखी एक, जे फक्त तुलाच. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की संबंध ठेवता येतात, सुखही राहतं, पण यानंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं. त्याने अपाय नाही. मी मान खाली घातली. ही म्हणाली, "डॉक्टर, मला हे रात्री झोपलेले हवेत." एकेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, दिन्या. माझ्याबरोबर तीही दोन-अडीच वर्षं रात्रीची उठत होती, मी पडेन म्हणून. मला ते त्या खोलीत कळलं.

आता तुझं. २०१९ च्या फेरीच्या आदल्या रात्री त्र्यंबकच्या धर्मशाळेत तू तीनदा उठलास. मी विचारलं तर म्हणालास, डास आहेत. मी जागा होतो, डास नव्हते. त्याला आता सहा वर्षं झाली. सोलापुरात चांगले युरोलॉजिस्ट आहेत. एका मशीनमध्ये लघवी करायची, धारेचा वेग मोजतात. माझा सेकंदाला सहा मिली होता, पंधराच्या पुढे असला तर बरा म्हणतात. त्यानंतर सोनोग्राफीत मागे किती उरली ते बघतात. सगळं तासाभराचं काम. जा. माझ्यावर राग असेल तर राग घेऊन जा, पण जा. आणि मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून घेऊ नकोस.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिमीला बाळ झालं एवढं गोट्याकडून कळलं, मुलगा की मुलगी ते त्या माणसाने धड सांगितलं नाही. घराचं वरचं काम झालं का?

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पूर्ण झाले की प्रवास चालेल. म्हणजे डिसेंबरच्या मध्यानंतर. संक्रांतीच्या आधी यावं असं आम्ही म्हणतोय. भाच्याची गाडी आहे. त्याला मी सगळं सांगून टाकलंय, की दर दीड-दोन तासांनी थांबावं लागेल. तो म्हणाला, "मामा, त्यात काय."

चिमी तेव्हा माहेरी असेल का ते कळव. पैठणी कपाटात तशीच आहे. हिने दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून ठेवलीये, जर तुटू नये म्हणून. कुरिअरने पाठव म्हटलं तर माझ्यावरच चिडते. तिला ती चिमीच्या हातात द्यायचीय.

तुझा,
बाळ्या