सिस्टर, त्या रात्रीच्या चार युनिटबद्दल

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

हे पत्र खरे तर मी तुमच्या हातात नेऊन द्यायला हवे होते. तरीही ते सर्वांसमोर लिहीत आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केले ते आपल्या खानदेशातील, मुलांना डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी पाठवणाऱ्या घरांपर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते. तुमचे आणि रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. नाव छापलेले तुम्हाला आवडले नसते.

मी तेव्हा मेडिसिनचा जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर होतो. भाद्रपदाचे दिवस होते, कपाशीवर फवारणी चालू होती आणि फवारताना विषबाधा झालेले शेतकरी कॅज्युअल्टीत येत होते. अशा रुग्णाच्या उशापासून हलता येत नाही, कारण विषावरचा उतारा असलेले ॲट्रोपिन किती द्यायचे हे दर काही मिनिटांनी छातीतला आवाज ऐकून आणि नाडी मोजून ठरवावे लागते. इमर्जन्सीची रात्र संपली की सकाळचा राउंड, त्यानंतर ओपीडी, मग रिपोर्ट गोळा करणे, डिस्चार्ज कार्डे लिहिणे, आणि एवढ्यात पुन्हा संध्याकाळ झालेली असे. सलग किती तास जागा आहे, हे मोजणे मी केव्हाच सोडून दिले होते.

त्या रात्री मधुमेहाच्या एका आजींसाठी मी जेवणापूर्वीचे इन्सुलिन लिहिले: चारचा आकडा आणि त्याला चिकटून 'युनिट'साठी इंग्रजी यू. घाईत काढलेला तो यू शून्यासारखा दिसला आणि शिकाऊ परिचारिकेने चाळीस युनिट भरले. चाळीसच्या सिरिंजमध्ये चाळीस युनिट म्हणजे पूर्ण एक मिली. ट्रेमधली ती काठोकाठ भरलेली सिरिंज पाहूनच तुम्ही तिचा हात थांबवलात. त्यानंतर नातेवाइकांसमोर एक शब्द न बोलता कागद घेऊन ड्यूटी रूममध्ये आलात, मला 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायला लावलात आणि माझ्या हाताकडे पाहत राहिलात. हात थरथरत होता.

माझ्या अपेक्षेप्रमाणे बोलणी बसली असती, तर मी ती मान खाली घालून ऐकली असती. तुम्ही मात्र अहिराणीत विचारलेत, "भाऊ, तू जेवना का?" कितीतरी आठवड्यांत मला त्या इमारतीत माझ्या घरच्या बोलीत कोणी काही विचारले नव्हते. तुमच्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे ठेवून, मी दोन घास खाल्ल्यावर, तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात: जीव नकोसा होतो का, जीव द्यावा असे मनात येते का? असा प्रश्न सरळ विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. पण मला तो विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मी हो म्हणालो. तुम्ही दचकला नाहीत. मी झोपेपर्यंत तुम्ही खोलीचे दार उघडे ठेवून बाहेर खुर्ची टाकून बसलात, आणि माझे कॉल डॉक्टरांच्या दुसऱ्या तुकडीच्या, म्हणजे युनिटच्या, सीनियरने घ्यावेत म्हणून स्वतः त्याला फोन केलात.

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर तुम्ही मला मानसोपचार विभागातल्या मॅडमकडे घेऊन गेलात. आपल्याच रुग्णालयात आपल्याच नावाचा केसपेपर घेऊन त्या रांगेत उभे राहणे निवासी डॉक्टरला किती अवघड वाटते, हे तुम्ही न सांगता ओळखलेत. माझ्या परवानगीशिवाय ही गोष्ट कोणालाही सांगितली नाहीत. युनिटच्या सरांसमोर माझ्याबरोबर उभ्या राहून एवढेच म्हणालात की या मुलाला कावीळ झाली असती, तर आपण त्याला झोपवले असते की राउंडला उभे केले असते? मला तीन आठवड्यांची रजा मिळाली. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे मी कित्येक रुग्णांना सांगितले होते. ते दिवस स्वतः काढणे फार जड गेले, आणि त्या दिवसांत रोज सायंकाळी तुमचा फोन येत असे.

सिस्टर, हे ऋण मोठे आहे, म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहितो. निवासी डॉक्टरांचे सलग काम सर्वसाधारणपणे १२ तासांहून आणि आठवड्याचे ४८ तासांहून अधिक असू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजीच लिहून दिले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक दिवस सुट्टी सुचवली. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भाग घेतला आणि सुमारे ३१ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. तो आकडा वाचताना मला माझ्या बॅचमधले चेहरे दिसले. जळगावच्या डॉ. पायल तडवी २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉक्टरकीचे पुढचे शिक्षण घेत असताना आत्महत्येने गेल्या, तेव्हा आपल्या भागातल्या किती आयांनी वसतिगृहातल्या लेकीला रात्री फोन लावले असतील! जे काम नियमाने व्हायला हवे होते, ते माझ्या बाबतीत तुमच्या एकटीच्या नजरेने केले. तुमची बदली झाली असती तर? हा प्रश्न मला आजही झोपू देत नाही.

आता मी तालुक्याच्या गावी काम करतो आणि 'युनिट' पूर्ण अक्षरांत लिहितो. माझ्याकडे येणाऱ्या इंटर्नला रात्रपाळीत आधी जेवणाचे विचारतो आणि ड्यूटी रूमच्या भिंतीवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावला आहे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

आईला मी हे सर्व इतकी वर्षे सांगितले नव्हते. गेल्या महिन्यात सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने तुमचे गाव कोणते ते विचारले. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती खापरावरचे मांडे घेऊन तुमच्या घरी यायचे म्हणते आहे. मी सोबत येईन. त्या दिवशी तुम्ही घरी असाल ना, एवढे कळवावे.

आपला ऋणी,
तुमच्या वॉर्डातला एक जुना निवासी डॉक्टर
अमळनेर तालुका